चिमणीचं उद्यापन

माणसाची खरी ओळख तो आपल्या जनावराला काय खाऊ घालतो यावरून पटते. धर्म, जात, शिक्षण, पगार हा सगळा वरचा रंग. हे वाक्य मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. ज्यांच्या तोंडून ऐकलं ते त्या वेळी उकिडवे बसून म्हशीच्या शेणात कडुलिंबाची काडी फिरवत होते, आणि वाक्य संपल्यावर त्यांनी ती काडी मला धरायला दिली.

तेव्हा आदिलाबाद आंध्र प्रदेशात होतं आणि मी तिथल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कारकून होतो. डॉक्टर तेलुगू, सज्जन आणि बहुतेक दिवस दौऱ्यावर. दवाखाना चालायचा तो या काडीवाल्या कंपाउंडरच्या जिवावर. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावानं त्यांना कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. खेड्यातले लोक 'कंपाउंडरदादा' म्हणायचे, डॉक्टर तेलुगूत 'एमंडी', म्हणजे 'अहो', म्हणायचे, मी नुसतं 'दादा' म्हणायचो.

आता ती वर्षं आठवायला बसलं की थंडीतली सकाळ समोर येते. आमच्याकडे थंडी मनापासून पडते. जिनिंगचे कारखाने सुरू झालेले असायचे आणि कापसाचे तंतू गावभर उडत राहायचे. तारांवर, सायकलींवर, रांगेत उभ्या असलेल्या बैलांच्या पाठीवर येऊन अलगद बसायचे. धुक्यातून जनावरं आधी आवाजानं यायची, मग वासानं, आणि दिसायची सगळ्यात शेवटी. आणि त्या पांढऱ्या धूसरतेत कडुलिंबाखालच्या बाकावर दादा बसलेले. उंच, काटकुळे, वर्षानुवर्षं खुरं उचलून धरल्यामुळे एक खांदा खाली आलेला, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. नव्या माणसाला वाटायचं, हा झोपलाय. ते झोपलेले नसत. वास घेत असत.

त्यांचा एक प्रश्न होता. जनावर लंगडत येवो, फुगून येवो, नाहीतर नुसतं मालकाच्या समाधानासाठी येवो, ते आधी मालकाकडे बघून अगदी हळू आवाजात विचारायचे, "काल काय खाल्लं?" मालकानं 'नेहमीचंच' म्हटलं की ते पापण्या आणखी खाली घ्यायचे. "नेहमीचं म्हंजे काय? सकाळपासून सांगा. घाई नाई." मग तो माणूस सांगायला लागायचा आणि दादा एका लांबट वहीत लिहीत जायचे. कडबा किती, कधीचा, कुठे रचलेला. ढेप, म्हणजे पेंड, सरकीची की जवसाची. पाणी विहिरीचं की नळाचं. सरकारला या वहीची गरज नव्हती. मी एकदा तसं म्हणालो, तर ते म्हणाले, "सरकारले कशाचीच गरज राह्यत नाई. तुमी लिवता तेची तरी हाय का?" मी त्या वेळी तिमाही विवरणपत्र भरत होतो. 

एकदा तामसीहून एक बाई बसनं बकरी घेऊन आली. बकरीचं तिकीट काढायचं की नाही यावर कंडक्टरशी भांडून आलेली, त्यामुळे आधीच तापलेली. कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी. दादांनी बकरीचं कालचं खाणं विचारायला सुरुवात केली. तिनं थोडा वेळ उत्तरं दिली आणि मग तिचा बांध फुटला.

"काय दादा, माह्या पोरीले कोनी नाई इचारलं कधी, काल काय खाल्लं म्हनून! अन् बकरीले खोदून खोदून इचारून राह्यले!"

रांगेतले लोक हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी वहीचं पान उलटलं आणि पेन्सिल ओली केली.

"पोरीनं काय खाल्लं?"

बाईनं पोरीला कडेवरून खाली ठेवलं. मग सांगू लागली. त्यांनी सगळं लिहून घेतलं. त्या वहीत, एका बकरीच्या आणि एका रेड्याच्या मध्ये, त्या मुलीचा सबंध दिवस नोंदलेला मी स्वतः पाहिला आहे. ज्वारीची भाकर, चटणी, चहा, पुन्हा चहा. खाली शेरा होता: 'दूध बकरीचं. पोरीले द्या.' हा सल्ला वैद्यकीय होता की सामाजिक, हे ठरवायला माझं वाचन कमी पडलं.

दुपारी गर्दी ओसरली की ते बाकावर पाय वर घेऊन बसायचे आणि मला स्वप्नं सांगायचे. त्यांच्या स्वप्नात माणसं येत नसत. "काल तलमडुगूचा तो पांढरा बैल आल्ता," ते सांगायचे, "दारातच उभा. आत या म्हटलं तर नाई म्हने. म्हने, कडबा जुना झाला, बुरशीचा वास येते, पन मालकाले सांगाव कसं." आठवड्यानं तो मालक खरोखर आला आणि कडब्याला खरोखर बुरशी होती. मला हे पटवून घ्यायचं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, त्या दिवसांत निम्म्या तालुक्याचा कडबा जुना असतो. पण बाहेर कापूस उडत होता, तो बैल डोळे अर्धे मिटून उभा होता आणि दादांकडे अशा ओळखीनं बघत होता की मी माझी शंका टेबलाच्या खणातच ठेवली.

तलमडुगूचा विषय निघाला तेव्हाच एकदा ते वडिलांबद्दल बोलले. वडील तिकडे एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होते. "मालकाच्या बैलाले रोज सरकी, ढेप, वरून गुळाचा खडा. आमच्या घरी भरडल्या ज्वारीच्या कन्या. बैल काय खाते ते मले पाठ होतं, जशी पोराइले कविता पाठ राह्यते. बैलानं एखांद दिवस तोंड नाई लावलं तर मालक सोता गोठ्यात ये, काऊन नाई खाल्लं म्हनून." मग त्यांनी पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली. मला वाटलं आता काही मोठं वाक्य येणार, आणि मी जरा सावरून बसलो. ते म्हणाले, "ढेप मी खाल्लेली हाय. वाईट नाई लागत. मीठ पाह्यजे."

पुढे त्यांचं कुटुंब बौद्ध झालं, ते शिकले, सरकारी नोकरीत लागले. उपासतापास, नवससायास घरातून गेले. त्यांच्या बोलण्यात त्याचा अभिमान नव्हता आणि तक्रारही नव्हती. दार लावून घ्यावं तसं ते सहज सांगायचे.

गावातली कुत्री मात्र त्यांना कोड्यात टाकायची. रस्त्यावरची नव्हे, बंगल्यातली. बैल काम करतो, म्हैस दूध देते, बकरी विकता येते, मग मालक त्यांच्या खाण्याबद्दल खोटं बोलत नाही. कुत्र्याचा मालक बोलतो. काही लाजेनं, काही बढाईनं. सिंचन खात्यातल्या एका इंजिनिअरच्या बाई आपला अल्सेशियन घेऊन आल्या. कुत्रा इतका लठ्ठ होता की तो बसला आहे की उभा, हे विचारावं लागे. बाई हिंदीत म्हणाल्या, "हम तो सिर्फ यही देते हैं, हैदराबाद से मँगाते हैं," आणि एक चकचकीत खोका टेबलावर ठेवला.

दादांनी खोका माझ्याकडे सरकवला. "काय काय हाय याच्यात, वाचा."

मी बारीक अक्षरं वाचून मराठी करत गेलो. "तृणधान्यं."

"कोनतं?"

"लिहिलेलं नाही. मांस आणि मांसजन्य पदार्थ."

"कोनाचं?"

"तेही लिहिलेलं नाही."

"मंग लिवलं काय हाय?"

"वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, संपूर्ण आणि संतुलित आहार."

त्यांनी आतलं एक बिस्कीट काढलं, चहात बुडवलं आणि डोळे मिटून खाल्लं. बाई, मी, अल्सेशियन, तिघेही वाट बघत राहिलो. "गव्हाचा कोंडा," ते शेवटी म्हणाले. "हाडाची भुकटी. मुर्गी याच्या जवळून गेली असंन, पन थांबली नाई." मग बाईंकडे वळून दख्खनी हिंदीत, अगदी मायेनं, "बाईसाब, बिस्कुट बुरा नहीं. मगर ये बिस्कुट से इतना पेट नहीं आता. सुबह से बोलो. छुपाना नको."

बाईंनी अर्ध्या तासात कबुली दिली. पापड, जिलेबी, मुलाचं दूध मुलगा पीत नाही म्हणून ते, आणि साहेब रात्री जे काही घेतात त्याबरोबरचे तळलेले काजू. दादांनी सगळं लिहून घेतलं आणि सांगितलं, रोज दोन ज्वारीच्या भाकरी, मुर्गीवाल्याकडची डोकी-पाय उकडून, आणि साहेबांच्या टेबलापासून दहा हात लांब. खोका परत देताना मला म्हणाले, "आपल्यात काय हाय हे ज्याले सांगता येत नाई, त्यानं सोताले संपूर्ण म्हनू नये." मी पुढे अनेक मोठ्या लोकांच्या सत्काराला हजर राहिलो. दर वेळी हे वाक्य आठवून मला त्रास झाला आहे.

पेशकारसाहेब आले ते त्याच थंडीत. महसूल खात्यातून निवृत्त झालेले, निजामाच्या दफ्तरात उमेदवारी केलेले गृहस्थ. काळा बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, छत्री. थंडीत छत्री कशाला, असं त्यांना विचारण्याची कोणाची टाप नव्हती. रिक्षातून उतरले तेव्हा काखेत एक वेताची टोपली होती आणि हातात चार घड्या घातलेला कागद. कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला. ती दरखास्त होती. 'अर्जदाराचे घरी असलेली कुत्री, नामे चिमणी, जात पोमेरेनियन, वय वर्षे आठ, हिची तब्येत काही महिन्यांपासून नासाज असून...'

टोपलीत मुठीएवढं पांढरं काहीतरी पडलेलं होतं. कापूसच साचलाय असं वाटावं. मग त्यातून दोन डोळे उघडले.

दादांनी तिला उचललं, वजनकाट्यावर ठेवलं, हिरड्या पाहिल्या, पाठीवरून बोट फिरवलं. बोटाला केस आले. "काल काय खाल्लं, पेशकारसाहेब?"

"काल गुरुवार होता. साबुदाणा. थोडं केळ."

"परवा?"

"परवा वरणभात."

"तेच्या आदल्या दिवशी?"

"मंगळवार. त्या दिवशी संकष्टी आली होती. भगर. चंद्रोदयानंतर."

दादांची पेन्सिल थांबली. मी विवरणपत्र बाजूला ठेवलं. पेशकारांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि, एखाद्या सरकारी मिसलीतला मजकूर वाचून दाखवावा तशा आवाजात, सगळं सांगितलं. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थ्या हे उपास त्यांच्या बायकोचे. बायको जेवायला बसली की चिमणी पाटाशेजारी बसायची. एक घास बाईंचा, एक चिमणीचा. बाई साबुदाणा खात, तर चिमणी साबुदाणा खाई. तोपर्यंत ठीक होतं, कारण बाई मधूनमधून तिला चोरून दूधसाय, पनीर, शेजारच्या घरचं अंडंसुद्धा देत असाव्यात. हे पेशकारांना माहीत नव्हतं, दादांनी नंतर हिशेबानं काढलं. गेल्या वर्षी बाई गेल्या. पेशकार बासरला गोदावरीत अस्थी सोडून आले आणि दुसऱ्या दिवशी एकादशी होती. त्यांनी स्वतः साबुदाणा भिजवला.

"तुमी पन धरता का उपास?" दादांनी विचारलं.

"मी? नाही. मला पित्त आहे."

"मंग कुत्रीले काऊन?"

पेशकार ताठ झाले. "सात वर्षांची वहिवाट आहे, कंपाउंडर."

"कायद्याले बारा लागतेत. बारा नाई झाले?"

पेशकार एक क्षण घुटमळले. जन्मभर कब्जे-वहिवाटीचे कागद हाताळलेला माणूस खोटं कसं बोलेल? "नाही. बारा नाही झाले."

"मंग कब्जा पक्का नाई झाला."

मला हसू आलं होतं, पण पेशकारांचा चेहरा बघून ते तिथेच राहिलं. छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून, खाली बघत, ते म्हणाले, "दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिनं दोनच गोष्टी सांगितल्या. तुळशीला पाणी घाला, आणि चिमणीचा नेम मोडू नका. तुळस वाळली. माझ्या हातून वाळली. आता एवढंच आहे." मग जरा थांबून, "हिला काही झालं तर घरात नुसतं घड्याळ राहील."

ते गेल्यावर दादा मला म्हणाले, "सव्वादोन किलो. साडेतीन पाह्यजे. मास नाई, अंडं नाई, डाळ नावाले. असं चाललं तर महिना काढंन का नाई, मले नाई वाटत."

"मग त्यांना सांगा की."

"सांगतलं तर ते अंडं देतीन, अन् मंग बाईची आन मोडली म्हनून रोज मरतीन. एक वाचंन, एक जाईन." त्यांनी पापण्या मिटल्या.  कापसाचा एक तंतू येऊन त्यांच्या भुवईवर बसला. मला वाटलं या वेळी खरंच झोप लागली. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "तुमच्यात नेम संपवाचा असला तर काय करतेत?"

"उद्यापन."

"त्याच्यात काय राह्यते?"

मी सांगितलं. व्रत पुरं झालं की पूजा, संकल्प, आणि मेहूण, म्हणजे जोडप्यांना जेवण. मग माणूस मोकळा.

"मोडलं नाई म्हनत त्याले?"

"नाही. पुरं केलं म्हणतात."

दुसऱ्या दिवशी ते सायकलवर पेशकारांकडे गेले, मला मागे बसवून. ज्या घरातून सगळे उपास कायमचे गेले होते त्या घरचा हा माणूस एका कुत्रीच्या उपासांचं उद्यापन करायला निघाला होता, आणि त्याला यात काही विशेष वाटत नव्हतं. पेशकारांनी मात्र बारा हरकती घेतल्या. व्रत ज्यानं घेतलं त्यानंच उद्यापन करायचं. दादा म्हणाले, घेणारी गेली तर? वारसानं, पेशकार म्हणाले. वारस कोण? पेशकारांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, मी. मग मेहुणांचं काय? कुत्रीच्या व्रताला जेवायला कोण? दादा म्हणाले, "ज्याचं वरत, त्याची पंगत. गल्लीत कमी हायत का?" आणि जेवण काय? इथे दादांनी आवाज आणखी खाली आणला. "पाहुन्याच्या आवडीचं कराव लागते ना, पेशकारसाहेब? खिमा. अंडी. भाकर." पेशकार बराच वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "घरात शिजणार नाही."

"माह्या घरी शिजवू."

उद्यापन पुढच्या शनिवारी सकाळी झालं. धुकं अजून उठलं नव्हतं. पेशकारांच्या मागच्या अंगणात, वाळलेल्या तुळशीपासून थोडं दूर, मी पळसाच्या पत्रावळी मांडल्या. पेशकार आंघोळ करून, सोवळ्यावर तो काळा कोट चढवून आले. भटजींना बोलवायचं धाडस कोणालाच झालं नव्हतं, तेव्हा संकल्प त्यांनी स्वतःच सोडला. शब्द संस्कृतात सुरू झाले, मध्येच उर्दूत गेले आणि 'सदरहू नेम आज रोजी पूर्ण होऊन खारीज करण्यात येत आहे' असे थांबले. मला ते पुरेसं वाटलं. देवाच्या दफ्तरात हीच भाषा चालत असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

धुक्यातून पाहुणे आले. पाच जोडप्यांचं ठरलं होतं. सात कुत्री आली.

"ही जोडपी आहेत?" पेशकारांनी विचारलं.

"काही हायत," दादा म्हणाले. "बाकीचे सोबत आले."

यजमानानं वाढावं लागतं. पेशकारांनी डाव घेतला, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हात लांब करून खिमा वाढला. अर्धा पत्रावळीवर पडला, अर्धा त्यांच्या जोड्यांवर. एक तपकिरी कुत्रा त्यांचे जोडे इतके मन लावून चाटू लागला की पेशकारांना हलताही येईना. "काय करतोय तो?" त्यांनी न बघता विचारलं. "आशीर्वाद देऊन राह्यला," दादा म्हणाले.

मग चिमणीला आणलं. तिच्यापुढे उकडलेल्या अंड्याचे चार तुकडे आणि थोडा खिमा. तिनं वास घेतला आणि मान फिरवली. दादांनी तुकडा बोटावर घेऊन पुढे केला. तिनं त्यांच्याकडे बघितलं, घराच्या दाराकडे बघितलं आणि पुढच्या पायांवर डोकं ठेवून पडून राहिली. सात पाहुणे जेवून आळसावले. धुकं विरायला लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी दादांचे डोळे पूर्ण उघडलेले पाहिले, आणि ते मला आवडलं नाही.

"इकडं कशी जेवते ही?" त्यांनी हळूच विचारलं. "घरात?"

"वाटी ठेवतो. मग केव्हातरी थोडं खाते."

"तुमी कुठं राह्यता तवा?"

"मी टेबलावर जेवतो. पलीकडच्या खोलीत." पेशकारांनी भिंतीकडचं तोंड वळवलं आणि पहिल्यांदा कुत्रीकडे सरळ पाहिलं. "ती एकटी जेवायची नाही कधी," ते म्हणाले. आपण काय म्हणालो ते त्यांना बोलून झाल्यावर ऐकू आलं असावं.

कोणी काही सुचवलं नाही. पेशकारांनी टोपी काढली, छत्री भिंतीला टेकवली, आणि कोटासकट जमिनीवर, चिमणीशेजारी बसले. बसायला वेळ लागला. गुडघे वाजले. बसल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांच्यासमोर खाण्यासारखं काहीच नव्हतं. दादांनी डब्याचा खालचा कप्पा उघडला. त्यांच्या बायकोनं त्यांच्या दुपारसाठी बांधून दिलेली ज्वारीची भाकर होती, वर हरभऱ्याची भाजी. तो कप्पा त्यांनी पेशकारांच्या पुढ्यात ठेवला आणि मागे सरकले.

पेशकार त्या भाकरीकडे बघत राहिले. शंकास्पद कागदाकडे महसूल खातं जसं बघतं, तसं. त्यांच्या घराण्यात त्या दिवसापर्यंत कोणी दादांच्या घरच्या चुलीवरचं खाल्लं नव्हतं, हे तिथल्या तिघांनाही माहीत होतं. मी खाली बघायला लागलो. 

मग भाकर तुटल्याचा आवाज आला.

पेशकारांनी एक घास खाल्ला. चावायला वेळ घेतला. दुसरा तुकडा तोडून त्यांनी चिमणीपुढे धरला. तिनं मान उचलली, तो हुंगला, त्यांच्या हातातून घेतला. मग पुढे सरकून, जणू ते सकाळपासून तिथे नव्हतंच अशा थाटात, अंडं खाल्लं. एक तुकडा, थांबून दुसरा. पेशकार घास घेत, ती घास घेई. पेशकारांचा चेहरा ओला झाला होता. धुक्यानं झाला असेल.

पूर्ण भाकर संपल्यावर ते म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे."

"घरी सांगतो," दादा म्हणाले.

तिथून पुढे पेशकार एक दिवसाआड दवाखान्यात येत. टोपली सुटली, मग छत्री सुटली. दोघं कडुलिंबाखाली बसत. पेशकार चिमणीनं काय काय खाल्लं ते तारीखवार सांगत, दादा लिहीत. अंडं किती, काळीज किती, भाकर कोणाच्या हातून. तिला नवे केस आले, डोळ्यांवरचं पाणी गेलं, वजन तीन किलो झालं, मग सव्वातीन. दादा तिला काट्यावर ठेवताना असे बघत, जसा दुसरा एखादा माणूस चंद्र उगवताना बघेल. मला आजही वाटतं, त्या दिवसांत त्या झाडाखाली बसलेले ते तिघं खरे नव्हतेच. कापसात आणि उन्हात कोणीतरी त्यांना नुसतं रेखाटून ठेवलं होतं.

साडेतीन किलो भरले त्या दिवशी काट्यावरून उचलताना चिमणी दादांना कडकडून चावली. तिला रेबीजची लस कधीच टोचलेली नव्हती; त्या लांबट वहीत खाण्याशिवाय दुसरं काही विचारलेलंच नव्हतं. लस आमच्याच दवाखान्यातल्या फ्रीजमध्ये होती. दादांना सरकारी इस्पितळात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली, रोज एक, पोटात.